आधी घर-जमिनीचा उतारा वाचायला शिका: बेळगाव भागात कर्ज आणि घराच्या अडचणीत लोकांसोबत उभं राहण्याचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातली एक मुलगी, बी.कॉम. झालेली, एका सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी पतसंस्था) क्लार्क आहे. काउंटरवर रोज बायका हप्ते भरायला येतात, एक कर्ज फेडायला दुसरं काढतात. शेजारच्या एका कुटुंबाला घरकुल मंजूर होऊनही भिंती अर्ध्यावर थांबल्यात. तिला अशा लोकांसाठी काम करायचंय. कोर्स कुठला करावा, नोकरी कुठे मिळेल, शिक्षण मराठीतून झाल्यानं कन्नड वाचताना अडखळायला होतं त्याचं काय, आणि यात पोट भरेल का, असं ती विचारते.

तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत, पण मी उत्तराची सुरुवात कोर्सपासून करणार नाही, कागदापासून करणार आहे. मी २००१ साली बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करायची. पुढे बचत गटांत, मग गावोगावच्या आर्थिक साक्षरता शिबिरांत आणि २०१९ च्या पुरानंतर निपाणी भागात घरांच्या प्रकरणांत काम केलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. कर्ज आणि घर ही आपल्याकडे दोन वेगळी दुखणी नाहीत, आणि दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा पैशाची अडचण कमी, कागदाची जास्त असते.

खानापूर तालुक्यातलंच उदाहरण देते. जंगलाकडेच्या एका गावातलं घर, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. घरात तीन पिढ्या राहिल्या, पण पंचायतीच्या उताऱ्यावर नाव अजून आजेसासऱ्याचं. तो वारून तीस वर्षं झाली. सुनेला घर दुरुस्त करायचं होतं. ती बँकेत गेली, बँकेनं तिच्या नावाचा उतारा मागितला. तो नाही म्हणून घरकर्ज नाही. मग तिनं संघाचं, म्हणजे बायकांच्या गटाला मिळणारं मायक्रोफायनान्सचं कर्ज काढलं, कारण तिथे उतारा लागत नाही, चार बायकांची हमी पुरते. ते दर आठवड्याला फेडायचं. हंगाम संपला, मजुरी थांबली, तेव्हा ते फेडायला दुसऱ्या फायनान्सचं काढलं. वर्षभरात तीन कर्जं झाली आणि घराची कौलं तशीच राहिली. तिला कुणी 'खर्च कमी करा, बचत करा' असं शिबिर दिलं असतं तर काय उपयोग? तिची अडचण वारसा नोंदीची होती. मृत्यूचा दाखला, वंशावळ, इतर वारसांची संमती, नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) अर्ज. आम्ही त्या मागे लागलो. सहा महिने गेले, मुंबईत राहणाऱ्या दोन चुलत दिरांच्या सह्या घेण्यातच त्यातले चार. नाव चढलं, मग सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं ठरलं.

म्हणून या क्षेत्रात यायचं तर पहिलं कौशल्य म्हणजे कागद वाचणं. शेतजमिनीचा आरटीसी, ज्याला आपण अजून पहाणी किंवा उतारा म्हणतो, त्याचा ९ वा रकाना मालकाचा, १० वा ती जमीन कशी आली त्याचा, ११ वा बोजाचा. बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज ११ व्या रकान्यात दिसतं, आणि कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच राहिलेला असतो, कारण तो उतरवून घ्यायचा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. पंचायत हद्दीतल्या घरासाठी ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ अ नीट असले तर बँकेचं दार उघडतं. ११ ब, म्हणजे नियमित नसलेल्या जागेचा फॉर्म, असेल तर बहुतेक बँका घरकर्जाला नाखूश असतात. सरकारी जागेवर बांधलेल्या घरांसाठी कर्नाटक भूमहसूल कायद्याचं ९४ सी कलम, शहरात ९४ सीसी, आणि त्यातून मिळणारं हक्कपत्र. खानापूरच्या गवळी-धनगर वस्त्यांसाठी २००६ चा वन हक्क कायदा, जिथे दावा ग्रामसभेच्या वन हक्क समितीकडून सुरू होतो. आदिवासी नसलेल्यांना तिथे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तो दाखवायचा कसा, जुन्या माणसाचा जबाब कसा घ्यायचा, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

आणि बाँड पेपर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर केलेला व्यवहार. पिरनवाडी, मच्छे, कंग्राळी, हिंडलगा, शहराच्या चारी बाजूंना किती कुटुंबांनी आयुष्याची कमाई घालून बाँडवर जागा घेतली असेल! स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय पक्की होत नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. तरी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून व्यवहार झाले. विकणारा वारला की त्याची मुलं म्हणतात, आम्हाला माहीत नाही. अशी प्रकरणं तुमच्याकडे येतील तेव्हा वकिलाकडे पाठवायचं, पण पाठवण्याआधी पैसे दिल्याच्या पावत्या, वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या तारखेनं लावून द्यायच्या. निम्मं काम तिथेच होतं.

आता घरकुल. तुमच्या शेजाऱ्यांच्या भिंती का थांबल्या, याचा अंदाज मी इथूनच करू शकते. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, त्याशिवाय रोजगार हमीची ९०-९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. आपल्या राज्यात राजीव गांधी ग्रामीण वसती निगमाकडून बसव वसती, आंबेडकर निवास या योजनाही चालतात. पैसा टप्प्याटप्प्यानं येतो: पाया, लिंटेल (दार-खिडक्यांवरची पट्टी), छत, पूर्ण घर, आणि प्रत्येक टप्प्याला जागेवरून जीपीएस फोटो चढवावा लागतो. म्हणजे पाया आधी आपल्या पैशानं घालायचा. तो पैसा कुठून येतो? संघाच्या कर्जातून. पुढचा हप्ता लांबला की व्याज चालू आणि काम बंद. त्यातून खानापूरचा पाऊस. मृग लागला की सप्टेंबरपर्यंत बांधकाम नाही. एप्रिलमध्ये पाया खणणाऱ्याला मी थांब म्हणते. दिवाळीनंतर खण, फेब्रुवारीत छत पडेल असं बघ. गवंड्याला एकदम उचल देऊ नकोस, टप्प्याला टप्पा दे. हे सांगणारं माणूस गावात असणं म्हणजेच तुम्ही विचारताय ती नोकरी. तिला कुठे 'घरकुल मार्गदर्शक' अशी पाटी नसते, पण ती करणारी माणसं लागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांतून मी हे शिकले. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले होते आणि नुकसानीप्रमाणे ए, बी, सी असे वर्ग होते. एका गावात दोन भाऊ एकाच घरात भिंत घालून वेगळे राहत होते. चुली दोन, रेशनकार्डं दोन, पण पंचायतीत घर नंबर एकच. मदत एकाच्या नावावर आली. दुसऱ्याची बायको पंचायतीसमोर बसून होती, तिला भांडता येत नव्हतं आणि समोरचा अधिकारी काय लिहितोय ते वाचताही येत नव्हतं. तिचा दावा आम्ही पुन्हा उभा केला: वेगळं वीज मीटर, वेगळं रेशनकार्ड, शेजाऱ्यांचे जबाब. मार्ग निघायला दोन वर्षं लागली. त्यानंतर मी प्रत्येक गावात एकच धोशा लावते की वेगळे झालात तर घर नंबरही वेगळा करून घ्या, पूर येण्याआधी.

इथेच तुमचा कन्नडचा प्रश्न येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीत माणूस मराठीत रडतो, उतारा कन्नडमध्ये असतो आणि कर्जाचा करार इंग्रजीत. या तिन्हींच्या मध्ये बसणारं माणूस फार कमी आहे. मराठी माध्यमातून शिकल्याची तुम्हाला भीती वाटते, पण मला ती तुमची जमेची बाजू दिसते. फक्त कन्नड वाचन पक्कं करायला हवं, त्याला पर्याय नाही. गोष्टीची पुस्तकं घेऊन बसू नका. नोटिसा, उतारे, ग्रामसभेचे ठराव वाचा. कार्यालयीन कन्नडमध्ये तेच दोनेकशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. मी वयाच्या बत्तिशीत शिकले, पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) टेबलाशेजारी बसून. सरकारी भरतीत सक्तीची कन्नड परीक्षा असते, तीही याच अभ्यासात निघते. दुसरी बाजूही लक्षात ठेवा. सूक्ष्म कर्जाचा करार आणि कर्जकार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत आहे. मराठीत मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

सीमेवरची आणखी एक गाठ सांगते, कारण ती पुस्तकात नसते. चंदगड, गडहिंग्लजहून आलेल्या सुना. माहेरचं नाव एक, सासरी बदललेलं दुसरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. मराठीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत जाताना नावाचं एक अक्षर बदलतं आणि राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये अडकतात. जातीचा दाखलाही महाराष्ट्रातला इथे आरक्षणासाठी चालत नाही. अशा बाईसोबत एक दिवस बसून सगळ्या कागदांवरची नावं एका वहीत उतरवायची, कुठलं आधी दुरुस्त करायचं ते ठरवायचं. आधार, मग बँक, मग रेशन. हा क्रम चुकला की तीन फेऱ्या जास्त होतात, आणि एका फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते.

कर्जाच्या बाजूचं काम वेगळ्या धीराचं आहे. वडगावातल्या एका विणकराच्या घरी मी गेले तेव्हा पाच कर्जं होती, त्यातली दोन बायकोनं नवऱ्याला सांगितलेली नव्हती. पहिल्या भेटीत सल्ला द्यायचाच नाही. फक्त यादी करायची: कुणाचं, किती, हप्ता किती, कुठल्या वारी, शिल्लक किती. लोकांना एकूण आकडा माहीत नसतो, आणि तो कागदावर पाहिला की बाई गप्प होते. त्या वेळी तिच्याजवळ बसून राहायचं. दुसऱ्या भेटीत क्रेडिट रिपोर्ट काढायचा. देशात चार संस्था आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बऱ्याचदा फिटलेलं कर्जही तिथे चालू दिसतं. मग नियम हातात घ्यायचे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज हे सूक्ष्म कर्ज, आणि सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यानं सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, मार्चमध्ये कायदा आला. त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. पण गावात बातमी 'कर्जं माफ झाली' अशी पोहोचली. नोंदणीकृत कंपनीचं कर्ज माफ झालेलं नाही, हे मला त्या वर्षी किती ठिकाणी सांगावं लागलं! चुकीच्या आशेवर हप्ते थांबवणाऱ्यांचा रिपोर्ट खराब झाला, आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तोच आडवा येणार.

घर लिलावाच्या नोटिशीबद्दल एवढं सांगते की घाबरून लपू नये. कर्ज थकलं तर तारण घर ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला सरफेसी कायदा देतो, आणि त्याची पहिली नोटीस ६० दिवसांची असते. त्या काळात लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे ६० दिवस लोक देवळात घालवतात किंवा पाहुण्यांकडे पैसे मागण्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत मिळतो, १५१०० वर फोन करता येतो. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आणि ज्यांनी पूर्ण फेडलं त्यांचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

माझी एक चूक सांगते, तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून. एका विधवा बाईच्या कर्जांचा हिशेब मी लावून दिला, पिग्मी मोडून एक कर्ज मिटवलं. नवऱ्याचं पासबुक मात्र मी बघितलं नाही. चौदा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी ते उघडलं, तर मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले. जीवनज्योती विमा होता, २ लाखांचा. तिच्या संघाच्या कर्जालाही विमा जोडलेला होता. दावा केला, पैसे आले, पण तोवर तिनं घराशेजारची मोकळी जागा विकली होती. ती मला काही बोलली नाही. तेव्हापासून घरात मृत्यू झालेला असेल तर मी आधी पासबुक मागते: ४३६ जीवनज्योतीचे, २० सुरक्षा विम्याचे. बोलणं त्यानंतर.

आता नोकऱ्या. तुमच्या शिक्षणावर सगळ्यात लवकर मिळते ती मायक्रोफायनान्सची फील्ड ऑफिसरची. मी नको म्हणणार नाही, कारण कर्ज आतून कसं चालतं ते तिथे कळतं. पण तिथे वसुलीचं टार्गेट तुमच्या पगाराला बांधलेलं असतं, आणि ज्या बाईला तुम्हाला थांब म्हणायचं असतं तिलाच फॉर्म पुढे करावा लागतो. वर्षभराहून जास्त राहू नये, असं माझं मत. त्यापेक्षा संजीवनी बघा, राज्याचं ग्रामीण उपजीविका अभियान. पंचायत पातळीवरच्या महिला महासंघांना हिशेबनीस लागतात, तालुक्याला व्यवस्थापक. गावपातळीचं मानधन तुटपुंजं आहे, पण बी.कॉम. असल्यानं तालुक्याच्या पदांपर्यंत वाट आहे. बँक मित्र, म्हणजे गावात बँकेची कामं करणारा प्रतिनिधी, व्हायला बँकिंग संस्थेची छोटी प्रमाणपत्र परीक्षा असते, उत्पन्न कमिशनवर. रिझर्व्ह बँकेच्या पाठबळानं चालणाऱ्या आर्थिक साक्षरता केंद्रांत संस्थांमार्फत भरती होते. परवडणाऱ्या घरांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांत पगार बरा, आणि ज्याला उतारा वाचता येतो त्याची किंमत तिथे लगेच कळते.

सरकारी वाट म्हणजे पंचायत विकास अधिकारी किंवा ग्राम प्रशासन अधिकारी, ज्याला आपण अजून तलाठीच म्हणतो. चांगला पीडीओ एका सहीत जे करतो ते आम्ही दोन वर्षांत करत नाही. अभ्यासाची तयारी असेल तर हीच वाट मी पहिली सांगेन.

पदवीचं म्हणाल तर राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) आहे, कोल्हापुरातही आहे. पण तुमच्यासारखीला मी एम.एस.डब्ल्यू.पेक्षा तीन वर्षांची एलएल.बी. सुचवेन. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून आहे. बी.कॉम.चा हिशेब, कायद्याचं शिक्षण आणि दोन भाषा हे तिन्ही एका माणसात आलं तर त्याला काम शोधत जावं लागत नाही. तोवर विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणून नाव द्या. ते मानधनाचं काम, पण कोर्ट, पोलीस ठाणं, तहसील सगळ्या पायऱ्या चढता येतात.

पोट भरेल का? पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात, हे खोटं सांगणार नाही. माझी गेली, घरच्यांनी साथ दिली म्हणून टिकले. म्हणून सोसायटीतली नोकरी आज सोडू नका. ती नोकरीच तुमची शाळा आहे. एक गोष्ट मात्र तिथल्या ठेवीदारांना नक्की सांगा: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या आणि सौहार्दमधल्या ठेवीला तो नसतो. मॅनेजरला आवडणार नाही कदाचित. पण म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं.

काही बंधनं मी पाळते, तुम्हीही पाळा. कुणाची रोकड हातात घ्यायची नाही, हप्ता भरायलासुद्धा. मूळ कागद घरी आणायचा नाही, झेरॉक्स घ्यायची. ओटीपी, एटीएमचा पिन विचारायचा नाही. जामीन राहायचं नाही, कितीही गळ घातली तरी. आणि एका बाईच्या कर्जाची गोष्ट दुसऱ्या बाईला, तिच्या नवऱ्यालासुद्धा, तिच्या परवानगीशिवाय सांगायची नाही. वडगावातल्या त्या घरात हे पाळलं नसतं तर संसार मोडला असता.

या महिन्यात एवढं करा. तुमच्या स्वतःच्या घराचा पंचायतीचा उतारा आणि शेती असेल तर आरटीसी काढा, 'ग्राम वन' (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात मिळेल. दोन्ही कन्नडमधून स्वतः वाचा, अडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहा. नाव कुणाचं आहे, बोजा आहे का, तुमच्या आईचं नाव कुठे आहे का, बघा. मग त्या अर्धवट भिंतीवाल्या शेजाऱ्यांकडे जा आणि मंजुरीचा आदेश, शेवटचा फोटो कुठल्या टप्प्याचा चढलाय आणि हप्ता कुठल्या खात्यात यायचाय, एवढं विचारून या. तीन दिवसांची रजा लागेल. वहीत काय सापडलं ते मला कळवा, पंचायतीत कुणाकडे जायचं ते मग सांगते.